शंभरात एक्केचाळीस

सरकारी दवाखान्याच्या प्रसूती विभागाला कुलूप तुम्ही लावलंत, साहेब. दुसऱ्या कुणी नाही. 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी टांगलीत आणि तीन वर्षांत तिकडे एक गवंडी फिरकला नाही. पाटीचा रंग उडाला तेव्हा मात्र ती नवी रंगवून घेतलीत, तेवढं काम चोख. बायकांनी जायचं कुठे, असं कुणी विचारलं तर तुमच्या खिडकीतून उत्तर आलं, "खाजगी आहेत की भरपूर. निवडा त्यातलं."

निवडा म्हणे. जशी काही भाजीच घ्यायची आहे.

तर निवडायला निघालेल्या एका बाईची ही गोष्ट. शर्टांच्या कारखान्यात ती तपासणीच्या टेबलावर होती. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, शिवण बघायची, बटणं ओढून बघायची, खराब पीस बाजूला टाकायचा आणि संध्याकाळी कुठल्या लाइनचे शंभरात किती नापास, ते भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचं. अकरा वर्षं हेच. सगळे तिला चेकरबाई म्हणत. लाडात आला की नवराही तेच म्हणे. लग्नाला नऊ वर्षं झाली, लोकांनी विचारायचंही सोडून दिलं, आणि मग सदतिसाव्या वर्षी तिला दिवस गेले.

आनंद झालाच. पण धसकाही बसला, आणि त्याचं कारण समोरच्या मशीनवर बसत होतं. काजं करणारी तिची मैत्रीण. तिचं पोट एका खाजगी ठिकाणी भर दुपारी कापलं होतं. कारण सांगितलं, बाळाचे ठोके कमी होताहेत. खरं कारण टाके काढायच्या दिवशी तिथल्या आयाने कानात सांगितलं: डॉक्टरांना चार वाजता गावाला निघायचं होतं. पुढे सहा महिने काजवालीला मशीनवर धड बसता येईना. "मला उलटी करून बघ गं," ती चेकरबाईला म्हणायची, "कुठे उसवलंय ते सापडेल." हसायची आणि हसताना पोट धरायची.

म्हणून चेकरबाईने ठरवलं की प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट विचारायची. शंभर बायकांत किती जणींना कापता?

"चौकातल्या हॉस्पिटलात जाऊ," नवरा म्हणाला. तो लिफ्टचा मिस्त्री. "तिथली लिफ्ट मी बसवलीय. पोटातलं पाणी हलत नाही."

"मला बाळंत व्हायचंय. गच्चीवर नाही जायचं."

"अगं, स्ट्रेचर आडवं मावतं तिच्यात. सगळीकडे नाही मावत."

सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "याला लिफ्टशिवाय काही दिसतं का बघ. अरे, तुझ्या वेळी मी चालत गेले आणि चालत परत आले."

"म्हणूनच मी असा निघालो," नवरा म्हणाला.

पैशाची तजवीज झाली. ती कशी, हा या गोष्टीचा विषय नाही.

पहिल्या ठिकाणी टेबलामागची मुलगी हसली. "असं कुणी विचारत नाही, मॅडम," म्हणाली आणि गुळगुळीत कागद हातात दिला. कागदावर फुगे होते, सोफा होता, खिडकीतून झाडं दिसत होती. आकडा नव्हता. दुसऱ्या ठिकाणचे डॉक्टर चिडले. "तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?" चेकरबाई म्हणाली, "म्हणून तर विचारायला आले. नसता तर बाहेरूनच गेले असते." त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

तिसरं ठिकाण चष्म्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही, नुसता रॅम्प. रंग जुना, पण फरशी अशी पुसलेली की चप्पल काढावीशी वाटावी. डॉक्टरबाई पन्नाशी ओलांडलेल्या, चष्मा कपाळावर चढवलेला. प्रश्नाला त्या हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. कपाटातून जाडजूड रजिस्टर काढलं, चष्मा खाली ओढला, बोट फिरवलं.

"गेल्या वर्षी शंभरात एक्केचाळीस."

चेकरबाईचं पेन तिथेच थांबलं. एखाद्या लाइनचे शंभरात एक्केचाळीस नापास निघाले असते, तर तिने लाइन बंद करायला लावली असती. ती उठली.

"हे एक्केचाळीस कोण, ते नाही विचारलंत," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"पुन्हा येते," ती म्हणाली. दुकानातली साडी नको असली की म्हणतात ना, तसं.

चौथ्या ठिकाणी आकडा भिंतीवर फ्रेम करून लावलेला. शंभरात फक्त बारा. डॉक्टर तरुण, बोलायला मऊ, समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ देणारे. सगळे त्यांना सर म्हणत. तिने तिथेच नाव नोंदवलं आणि घरी येऊन अशा थाटात सांगितलं की जणू निवडणूक जिंकून आली.

सर वाईट नव्हते, हेही लिहिलं पाहिजे. सहा महिने त्यांनी नीट तपासलं, हसून बोलले, गोळ्या कमीत कमी दिल्या. मग आठव्या महिन्यात एका सकाळी तिच्या चपलेचा पट्टा लागेना. पाय सुजले होते, डोकं ठणकत होतं. सरांनी बीपी घेतलं. पुन्हा घेतलं. दुसऱ्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"आता तुम्ही मोठ्या ठिकाणी जा," ते चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले. "अशा केसेस आम्ही ठेवत नाही."

"ठेवत नाही म्हणजे?"

"बाळाला लवकर बाहेर काढावं लागलं तर काचेची पेटी लागेल. ती आमच्याकडे नाही."

"हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत, सर?"

"पहिल्या दिवशी तुमचं सगळं नॉर्मल होतं."

तिने भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं. "मग या बारांत मी धरलीय की उरलेल्या अठ्ठ्याऐंशींत?"

"कशातच नाही," सर म्हणाले. मनात काही न ठेवता म्हणाले, म्हणून तर ते जास्त लागलं. "तुमची डिलिव्हरी इथे कुठे होतेय?"

नवरा रिक्षा आणायला धावला. ती बाहेरच्या बाकावर बसली आणि तिला एकदम तीन नंबर लाइनचा सुपरवायझर आठवला. त्याचे नापास पीस सगळ्यांत कमी. दोन वर्षं लागोपाठ बक्षीस त्याला. शेवटी तिनेच त्याला पकडला होता: बिघडलेले पीस तो तपासणीआधीच पाच नंबर लाइनच्या बंडलात सारायचा. बोलणी खायच्या पाच नंबरच्या बाया. बिचाऱ्या स्वतःचंही शिवायच्या आणि त्याचंही निस्तरायच्या. शर्टांतली लबाडी तिने नजरेने पकडली, आणि स्वतःच्या पोटाची वेळ आली तेव्हा फ्रेम बघून भुलली. सर खोटं बोलले नव्हते. कुणीच खोटं बोलत नव्हतं. आकडा खरा होता, फक्त त्याच्या बाहेर बाया ढकललेल्या होत्या.

"कुठे न्यायचं?" रिक्षातून उडी मारत नवऱ्याने विचारलं. त्याचा आवाज फाटला होता. "चौकातलं जवळ आहे."

"पाच नंबर लाइनला," ती म्हणाली. त्याचा चेहरा बघून तिने सांगितलं, "चष्म्याच्या दुकानावर. शंभरात एक्केचाळीस."

डॉक्टरबाईंनी तिला ओळखलं. "पुन्हा येते म्हणालात, आलात. बोलायला पक्क्या आहात." एवढाच काय तो टोमणा. मग बीपी, लघवी, रक्त, बाळाचे ठोके, हातात सुई, सगळं अर्ध्या तासात. आणि मग खुर्ची ओढून त्या तिच्यासमोर बसल्या, नवऱ्याकडे न बघता तिच्याशी बोलल्या.

"बीपी गरोदरपणामुळे चढलंय. आज बाळ काढायची गरज नाही. औषधाने दाब धरून ठेवू, म्हणजे बाळाला आत वाढायला दिवस मिळतील. जितके मिळतील तितके. नववा महिना गाठला तर कळा आणून बघू. मध्येच दाब हाताबाहेर गेला तर कापावं लागेल. तसं झालं तर आधी तुम्हाला सांगेन, का तेही सांगेन. चालेल?"

चेकरबाईला रडू आलं. इतक्या महिन्यांत कुणी तिला 'चालेल?' असं विचारलं नव्हतं.

सोळा दिवस ती तिथे राहिली. खोलीत चार खाटा. एकीला जुळी, एकीचं बाळ आडवं, एकीची साखर वाढलेली. चौघीही कुठून ना कुठून पाठवलेल्या. "तुला कुणी ढकललं?" ही तिथली ओळख करून घ्यायची रीत होती. मोठी सिस्टर दर चार तासांनी बीपी घ्यायची आणि आकडा मोठ्याने सांगायची, कारण पहिल्याच दिवशी चेकरबाईने सांगितलं होतं, "मला कळलं नाही की मी घाबरते, कळलं की घाबरत नाही." सिस्टरने ते ऐकलं आणि सोळा दिवसांत एकदाही विसरली नाही. अशा माणसांचे उपकार कसे फेडायचे, ते कुणी शाळेत शिकवत नाही.

सासूबाई रोज यायच्या, केस विंचरून द्यायच्या, पाय मांडीवर घेऊन बसायच्या. "मी चालत गेले होते हे खरं," एक दिवस त्या हळूच म्हणाल्या. "पण माझ्याबरोबर गेलेली माझी जाऊ परत आली नाही. ते मी कुणाला सांगत नाही." नवऱ्याने औषधाच्या ट्रॉलीचं कुरकुरणारं चाक दुरुस्त केलं, रॅम्पचा उतार टेपने मोजला आणि हा उतार आखणारा माणूस शहाणा होता, असं जाहीर केलं. काजवाली जेवणाच्या सुट्टीत धापा टाकत यायची. "टाके घालायची वेळ आली तर मला बोलाव. निदान दोरा तरी चांगला वापरू," म्हणायची.

सतराव्या दिवशी सकाळी चेकरबाईच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. सिस्टरने बीपी घेतलं, आकडा मोठ्याने सांगितला, पण आवाज जरा पडला. डॉक्टरबाई अर्धा चहा टाकून आल्या आणि खाटेवर टेकल्या.

"आज. आणि कापून," त्या म्हणाल्या. "कळांची वाट बघण्यात सहज एक दिवस जाईल. तेवढ्यात तुम्हाला झटके येऊ शकतात, आणि मग दोघांचंही कठीण. तुम्हाला कापून नको होतं, मला आठवतंय. तुम्ही नाही म्हणालात तर मी जबरदस्ती करणार नाही. पण मला भीती वाटेल."

डॉक्टरने भीती वाटेल म्हणावं, हे चेकरबाईने पहिल्यांदाच ऐकलं. ज्या एका गोष्टीसाठी ती चार दारं फिरली होती, ती सोडून द्यायला तिला एवढं एक वाक्य पुरलं.

"घ्या कापायला, बाई," ती म्हणाली. "माप तुमच्याकडे आहे."

कमरेत सुई दिली होती, ती जागी होती. पडद्यापलीकडून डॉक्टरबाई एकेक गोष्ट सांगत होत्या: आता ओढल्यासारखं वाटेल, आता डोकं हाताला लागलं, आता मुलगी. रडणं काही ऐकू आलं नाही. तिने छताकडे बघत आकडे मोजले. सव्वीसला मुलगी रडली. मांजराच्या पिल्लासारखी, पण रडली.

दोन किलो शंभर ग्रॅम. चार दिवस काचेच्या पेटीत होती. पेटी आतल्याच खोलीत, आईच्या खाटेपासून वीस पावलांवर. नवऱ्याने तेही मोजलं होतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाई पट्टी बदलायला आल्या तेव्हा चेकरबाईने सिस्टरकडून आरसा मागून घेतला आणि मान उचलून शिवण बघितली. बराच वेळ बघितली.

"काय?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "करताय पास?"

"अंतर सारखं आहे. ओढ कुठे नाही." तिने आरसा खाली ठेवला. "बाई, मी त्या दिवशी आकडा ऐकून उठले. हे एक्केचाळीस कोण, एवढं बसून विचारलं नाही."

"बऱ्याच जणी उठतात. त्यांचं काय चुकलं?" डॉक्टरबाई हात धूत म्हणाल्या. "वरच्या ऑफिसातून मलाही दर वर्षी नोटीस येते, तुमच्याकडे सिझेरियन इतकी का. मी दर वर्षी पानभर उत्तर लिहिते. पुढच्या वर्षी पुन्हा तीच नोटीस."

म्हणजे तुमची नोटीस, साहेब.

त्याच संध्याकाळी मोठी सिस्टर खाटेशेजारी बसून महिन्याचा फॉर्म भरत होती. चेकरबाईने सवयीने मान वाकडी करून वाचला. साधी प्रसूती किती, एक रकाना. सिझेरियन किती, दुसरा रकाना. संपला फॉर्म.

"आणि दुसरीकडे पाठवलेल्या? दुसरीकडून आलेल्या?"

"तसा रकाना नाही," सिस्टर म्हणाली. "कुणाच्याच फॉर्ममध्ये नसतो."

चेकरबाई घरी आली. मुलीचं नाव ठरायच्या आधी तिने रेघांच्या वहीतून दोन पानं काढली आणि खाटेवर उशी मांडून अर्ज लिहिला. नवऱ्याने तो तुमच्या खिडकीवर दिला, शिक्का मारून पोच घेतली. त्यात तिने रडगाणं लिहिलं नाही. सरांची तक्रार केली नाही. डॉक्टरबाईंचे, मोठ्या सिस्टरचे, सासूबाईंचे आणि काजवालीचे आभार मानले, एकेकीचे, कारण कुणामुळे काय वाचलं ते कागदावर राहिलं पाहिजे असं तिला वाटलं. आणि शेवटी दोन प्रश्न विचारले.

त्याला आता पाच महिने झाले. मुलगी पालथी पडायला लागली आहे. पोचेवर सही तुमची आहे, साहेब. तेव्हा सांगा: पहिल्या दिवशी ठेवून घेतलेल्या आणि ऐन वेळी बाहेर काढलेल्या बायका मोजणारा रकाना तुमच्या फॉर्ममध्ये कधी येणार? आणि त्या बायका आत घेते म्हणून एका डॉक्टरला पाठवलेली नोटीस कधी मागे घेणार?

तोंडी नको. लिहून द्या.