वीस अंशांवर अडलेल्या पेशी

"दोन बश्या सांभाळता येत नाहीत तुला? एकीतलं औषध दुसरीत!"

नणंदेनं चौकशी केलीच नव्हती, थेट निकाल दिला होता. टेबलावर टाइप केलेलं पत्र तयार होतं. संध्याकाळी त्यावर तिची सही झाली, की भावजयीची प्रयोगशाळेतली नोकरी संपली.

"ताई, दुसऱ्या बशीला मी औषधाचा थेंबही..."

"इथे मॅडम म्हण. ताई घरी. आणि घरीसुद्धा जपूनच."

नोकरी लावली होती नणंदेनंच. 'भावाच्या तोंडाकडे बघून घेतलं हिला,' हे तिनं येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना ऐकवलं होतं. पाणी द्यायला येणारा माणूसही त्यातून सुटला नव्हता. भावजय तीन वर्षं खाली मान घालून ऐकत आली होती. आज मात्र मान वर होती. नेकीनं केलेल्या कामाला डाग लावला, की गरीब गायही शिंग उगारते.

प्रयोग यकृताच्या पेशींवरचा होता. पेशीच्या आत एक जाळी असते. तिथे प्रथिन बनतं, त्याची घडी बसते आणि तिथेच त्याच्या अंगावर चरबी चढते. मग ते गोल्गी नावाच्या चवडीत जातं. तिथे त्यावर शेवटचा हात फिरतो, कुठे जायचं ते ठरतं, इवल्याइवल्या पुड्या बांधल्या जातात आणि त्या पेशीच्या वेशीवर जाऊन रित्या होतात. देवानं एवढ्याशा जिवात केवढी शिस्त घातली आहे! आणि दोन शहाण्यासुरत्या बायकांना एका खोलीत नांदता येऊ नये!

या प्रथिनाला हिरवी चमक जोडलेली होती. नवं प्रथिन बनणं बंद केलं, की आधीचं दोन तासांत बाहेर पडून पेशी काळोखी व्हायला हवी. नणंदेचं औषध ही वाट अडवतं, हे दाखवायचं होतं. म्हणून पेशींच्या दोन काचेच्या बश्या, एकीत औषध आणि दुसरी नुसती. औषधाच्या बशीत चमक अडली, ते ठीकच. पण नुसत्या बशीतही अडली!

"औषध दोन्हीकडे पडलंय. आंधळ्यालाही दिसेल," नणंद म्हणाली.

"आंधळ्याला दिसेल, मॅडम. डोळसानं जरा जवळून बघावं." भावजयीनं दोन्ही चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी लावली. "ही औषधाची. पेशीभर हिरवं पसरलंय, कारण प्रथिन जाळीतच बसून आहे. ही नुसती. सगळं हिरवं केंद्रकाशेजारी एका गोळ्यात. म्हणजे जाळी सोडली, गोल्गीपर्यंत आलं आणि शेवटच्या दारात थांबलं. हे तुमच्या औषधाचं काम नाही, गारठ्याचं आहे. बश्या ठेवतो त्या टाकीचं पाणी वीस अंशांवर उतरलं, की गोल्गीतून पुड्या सुटत नाहीत."

"टाकी सदतीसवर लावलेली असते."

"असते. काल तुम्ही मला दोन तास भांडारात पाठवलंत. परत आले, तर टाकीशेजारी चार ओल्या बाटल्या, चिठ्ठ्यांवर तुमचं अक्षर. गोठून दगड झालेल्या बाटल्या एकामागून एक त्या पाण्यात सोडल्यात, माझ्या बश्यांच्या शेजारी. औषधाची बशी आधीच अडलेली, तिला थंडीनं काय फरक पडणार? बाधली ती नुसतीला."

नणंदेचा चेहरा लाल झाला. "खाल्ल्या घरचे वासे मोजतेस!"

"वासे नाही, अंश मोजतेय. सहीआधी दोन तास द्या. खोटी ठरले, तर हे पत्र मीच टपालात टाकीन."

बिनऔषधाची एक नवी बशी वीस अंशांच्या पाण्यात ठेवली. तापमापक नणंदेनं स्वतःच्या हातात धरला, जणू चोराच्या हाती किल्ल्या द्यायच्या नव्हत्या. दोन तास दोघी समोरासमोर बसल्या. एकीनं खिडकी लावली, दुसरीनं उठून उघडली.

मग बशी सूक्ष्मदर्शकाखाली गेली. केंद्रकाशेजारी हिरवा गोळा. अगदी कालच्यासारखा. भावजयीनं बशीखालची ऊब सदतीसवर नेली.

पाच मिनिटं काही नाही. मग गोळ्यातून एक ठिपका सुटला. मागोमाग दुसरा. मग झुंबड. ठिपके वेशीकडे धावत होते, कडेला क्षणभर लखकन चमकून विझत होते.

"निघाल्या पुड्या!" नणंदेच्या तोंडून निघून गेलं. लगेच तिनं ओठ आवळले.

पत्र तिनं फाडलं नाही. घडी घालून खणात टाकलं. "राहू दे. पुढच्या चुकीला कामाला येईल."

"ठेवा. तारीख तेवढी बदला." भावजयीनं प्रयोगाची वही पुढे सरकवली. "आणि कालची नोंद तुमच्या हातानं."

नणंदेनं लिहिलं, 'टाकीचे तापमान उतरले.'

"आपोआप?"

पेन कागदात रुतलं. 'माझ्या बाटल्यांमुळे.' खाली सही झाली. संध्याकाळचीच सही, फक्त दुसऱ्या कागदावर.

"घरी एक अक्षर बोललीस तर याद राख."

"घरी तुम्ही ताई. ताईंची चहाडी माझ्या तोंडून जायची नाही," भावजय वही बंद करत म्हणाली. "मॅडमची नोंद मात्र वहीत राहील."

आणि नव्या बश्या सोडण्याआधी तिनं टाकीच्या पाण्यात स्वतःची बोटं बुडवून पाहिली.