माझ्या पोटातला बिब्बा

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. झोपायची नव्हे, बसायची. हातभर लांब आणि हातभर रुंद. माझी गोष्ट सांगायची मला लाज वाटते, कारण गादीने कधीही करू नये ते मी केले आहे.

माझा जन्म मूर्तिजापूरचा. त्या वेळी वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चाले, आणि स्टेशनावर एलिचपूरच्या छोट्या गाडीचे उतारू मोठ्या गाडीची वाट पाहत बसत. त्यांना संत्री विकणारा गोवर्धन हा माझा धनी. कापसाने भरलेल्या बैलगाडीवरून तो पडला आणि कमरेखालचे त्याचे अंग कायमचे बधिर झाले. पण घरात पडून राहणे त्याला मानवणारे नव्हते. परतवाड्याच्या एका मिस्त्रीकडून त्याने लाकडी खुर्चीला सायकलची चाके लावून घेतली आणि ती स्वतःच्या हातांनी फिरवत तो स्टेशनावर जाऊ लागला.

त्या खुर्चीवर आम्ही तिघे चाकरीला होतो. कमरेचा पट्टा त्याला खड्ड्यात उसळून पडू देत नसे. तळहातांना बांधायचे चामडे त्याची कातडी सोलू देत नसे. माझे काम सर्वांत नाजूक. अकोल्याच्या डॉक्टरांनी बजावले होते की, ज्या अंगाला टोचलेले कळत नाही त्याच्याखाली खडासुद्धा येता कामा नये. जखम झाली तर ती लवकर भरणार नाही आणि जिवावर बेतेल.

म्हणून गोवर्धनची आई पार्बताबाई नासिर पिंजाऱ्याकडे गेली. नासिरने आपल्या धनुकलीच्या ताणलेल्या तातेने माझा कापूस तीनदा पिंजला. मूठमूठ कापूस तो उजेडात धरून पाही. "एक बी सरकी निघाली तं धनुकलीले हात नाही लावनार," असे तो म्हणाला. मी इतकी मऊ झाले की मला स्वतःचाच गर्व वाटू लागला. वर्षभर मी चोख काम केले. साहेबाच्या डब्यातसुद्धा अशी गादी नाही, असे म्हणून स्टेशनातले बाबू गोवर्धनला चिडवत.

मग उन्हाळ्यात एक दिवस फलाटावरची एक बाई मोठ्याने म्हणाली की, पाय गेले तरी पोरगा काय दणकट आहे. पार्बताबाईने ते ऐकले आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. नजर लागू नये म्हणून आमच्याकडे पाळण्याला बिब्बा बांधतात. एवढा मोठा मुलगा खुर्चीला बिब्बा बांधू देणार नव्हता. म्हणून तिने गुपचूप माझे चार टाके उसवले, मेळघाटातला एक बिब्बा माझ्या पोटात सरकवला आणि पुन्हा टाके घातले. चांगल्या कामात अमक्याने बिब्बा घातला, असे तुम्ही म्हणता ना? इथे तो खरोखरच घातला गेला, आणि तोही मायेने.

मित्रांनो, बिब्बा टणक असतो आणि त्याच्या तेलाने कातडी भाजते. गोवर्धनच्या वजनाखाली तो फुटला. तेल कापसातून वर चढू लागले. गोवर्धनला काही कळले नाही. मला मात्र पहिल्या दिवसापासून कळत होते. तो हसतखेळत संत्री विकत होता आणि मी त्याचे अंग भाजत होते. लाजेने मी अर्धमेली झाले, पण गादीला तोंड नसते.

पाचव्या दिवशी तो तापाने फणफणला. त्याला कुशीवर वळवताना जखम दिसली. ताप उतरला नाही तर भरवसा नाही, असे डॉक्टर म्हणाले. गोवर्धनचे काका उत्तमराव यांनी नासिरला अंगणात बोलावले. गादीत सरकी राहिली, असा त्यांचा ठपका होता. सगळी आळी जमली. नासिरने मला मांडीवर घेऊन उसवले आणि आत हात घातला. त्याची बोटे बिब्ब्यावर थांबली. समोर पार्बताबाई उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. नासिरने तिच्याकडे एकदा पाहिले आणि मूठ मिटूनच हात बाहेर काढला.

"सरकीच हाये," तो म्हणाला. "माह्या हातची चूक झाली."

पार्बताबाई काही बोलली नाही. मीही नाही.

नासिर मला घरी घेऊन गेला. दिलेला शब्द पाळून त्याने धनुकली खुंटीला टांगली. माझा काळा पडलेला कापूस त्याने काढून टाकला आणि उरलेला नुसत्या बोटांनी मोकळा करत बसला. तसेही आळीतले कोणी आता त्याला काम देत नव्हते.

पंधरा दिवसांनी ताप उतरला, तेव्हा तो मला घेऊन गोवर्धनला भेटायला आला. गोवर्धन पालथा पडून होता. मला घेताना त्याला नासिरचा फोडांनी भरलेला तळवा दिसला.

"चाचा, हाताले बिब्बा कावून उतला?"

नासिरने हात मागे घेतला. दारात उभी असलेली पार्बताबाई खाली बसली.

"बिब्बा म्या टाकला होता, तुह्या गादीत. नजर लागू नये म्हनून," ती म्हणाली. "यायनं माह्यी चूक आपल्या अंगावर घेतली."

गोवर्धनने उशीत तोंड लपवले. मग म्हणाला, "माय, आळीले सांग."

त्याच दिवशी पार्बताबाई मला काखेत घेऊन घरोघर गेली. प्रत्येक दारात तिने माझी वरची खोळ काढून आतल्या कापडावरचा काळा डाग दाखवला आणि आपली चूक सांगितली. शेवटी नासिरच्या घरी जाऊन तिने त्याला धनुकली खुंटीवरून काढायला लावली. नव्या संत्र्यांच्या हंगामात गोवर्धन पुन्हा स्टेशनावर गेला. त्या दिवसापासून पार्बताबाई रोज सकाळी माझ्यावर तळहात दाबून पाहत असे आणि मगच त्याला बसू देई.

आता मी म्हातारी झाले आहे. डाग अजून तसाच आहे. ज्याची चूक नव्हती त्यानेही ती कबूल केली, जिची होती तिनेही केली. सगळ्यांत आधी मला ठाऊक होते, आणि मी गप्प राहिले. म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी कोणी असे बसत असेल तर त्याच्या गादीवरून आधी हात फिरवा. गादी मऊ दिसते म्हणून तिच्यावर विसंबू नका. मीही मऊच होते.