कोमट शेगडी

"गरिबांची खरी गरज पैशाची नसते, कोळशाची नसते, पावाचीही नसते. गरिबाला गरज असते ती एका सच्च्या मैत्रिणीची," असं म्हणून मिस पेनिमन समाधानाने खुर्चीत टेकल्या, आणि खुर्ची डावीकडे कलली.

खुर्चीचा चौथा पाय आदल्या रविवारी शेगडीत गेला होता. त्याच्या जागी तीन विटा रचल्या होत्या, आणि विटांना मैत्रीची काही कल्पना नव्हती. मिस पेनिमन फरच्या कोटासकट संथपणे जमिनीकडे निघाल्या, तेव्हा होनोरा टूहीने त्यांना दंडाला धरून अर्ध्या वाटेत थांबवलं.

"लागलं का बाईसाहेब?"

"मी तुमची बाईसाहेब नाही, मिसेस टूही. मी तुमची मैत्रीण," मिस पेनिमन टोपी सरळ करत म्हणाल्या. मग मैत्रिणीने वही काढली आणि त्यात दोन ओळी लिहिल्या. होनोराला उलटं वाचता येत नव्हतं. सुलटंही बेताचंच येत होतं. पण खुर्चीबद्दल काहीतरी लिहिलं गेलं, एवढं तिला कळलं.

बॉस्टनमधल्या त्या साहाय्य मंडळाचा रिवाजच तसा होता. एखाद्या विधवेने कोळशासाठी अर्ज केला की मंडळ कोळसा पाठवत नसे, मैत्रीण पाठवत असे. मैत्रिणीने मंगळवारी चार जिने चढून यायचं, बघायचं, लिहायचं. बुधवारी समिती बसायची आणि अर्जदार मदतीला लायक आहे का ते ठरवायची. लायक ठरलं तर हिवाळाभर कोळसा. नाही ठरलं तर कोळसा नाही. आणि आईपेक्षा पोरं जास्त लायक आहेत असं समितीला वाटलं, तर पोरांची रवानगी पश्चिमेकडे, कुणाच्या तरी शेतावर. तळमजल्यावरच्या मिसेस डुगनची तीन पोरं गेल्या हिवाळ्यात अशी गेली. वर्षभरात एक पत्र आलं. त्यात यंदा मका बरा आल्याचं लिहिलं होतं.

होनोराच्या दोन मुली. डेलिया सात वर्षांची, विनी चार. विनीला खोकला होता. नवरा टिम मार्चमध्ये धक्क्यावर जहाजाच्या फळीवरून पडला तो उठलाच नाही. तेव्हापासून होनोरा खिडकीपाशी बसून उजेड असेपर्यंत दुकानाच्या विजारींना खालच्या दुमडी घालत असे.

"हवा कोंदट आहे इथली," निघताना मिस पेनिमन नाक आक्रसून म्हणाल्या. "निम्मे आजार हवेतून येतात." आणि खिडकीच्या फटीत कोंबलेली चिंधी त्यांनी दोन बोटांनी ओढून काढली. फटीतून वारा आत आला. विनी खोकली. "बघा, खोकला आता कसा बाहेर पडतोय," मिस पेनिमन म्हणाल्या. "पुढच्या मंगळवारी तीनला येते. बुधवारी समिती आहे."

त्या गेल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या मिसेस गेगन वर आल्या. सहा हिवाळ्यांत या बाईने चार मैत्रिणी पचवल्या होत्या. त्यामुळे इमारतीत त्यांच्या शब्दाला पाद्रीबाबांच्या खालोखाल वजन होतं.

"ऐक पोरी. त्या पहिल्यांदा बघतात ती शेगडी. बोलता बोलता हातमोजा काढतात आणि हळूच हात लावतात. गार लागली की लिहितात, पोरींची आबाळ होते. मग पोरी गेल्या. गरम लागली की लिहितात, हिच्याकडे कोळसा आहे. मग कोळसा गेला."

"मग मी करू काय?"

"कोमट ठेव."

"कोमट म्हणजे किती, मिसेस गेगन?"

"नुकत्याच गेलेल्या माणसाचं अंग असतं ना," मिसेस गेगन म्हणाल्या, आणि टिमची टोपी अजून खुंटीलाच आहे हे पाहून घाईने म्हणाल्या, "म्हणजे कोंबडी नुकतीच उठून गेल्यावर अंडं लागतं ना, तेवढी. आणि ती खुर्ची आधी नाहीशी कर बये. मोडकी खुर्ची दिसली की आळस म्हणतात. खुर्चीच नसली तर गरिबी. गरिबी चालते त्यांना."

"टिमची आहे ती."

"तुझ्या पोरीही त्याच्याच आहेत."

होनोराने शिवायची विजार पुन्हा मांडीवर ओढली.

मिस पेनिमन आधी मिसेस गेगनकडे अर्धा तास बसत आणि मग वर येत. त्यामुळे वेळेचं गणित सोपं होतं. बाई इमारतीत शिरल्या की मिसेस गेगन नळाच्या पाइपवर चमच्याने तीन ठोके देणार, आणि तो आवाज चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू येणार. सात दिवस होनोराने दुसरा विचार केला नाही. टाके घालताना तिचा हात मध्येच थांबे आणि ती शेगडीच्या कडेला तळवा लावून बघे. गार. डेलियाही लावून बघे. सोमवारपर्यंत विनीही येता जाता शेगडीला हात लावून, मोठ्या माणसासारखी मान हलवून पुढे जाऊ लागली.

मंगळवारी दीड वाजता होनोराने खुर्ची मोडली. टिमने ती लिलावातून घेऊन डोक्यावर वाहून आणली होती, आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबून तो तिच्यात बसला होता. संध्याकाळी तो तिच्यात बसून बूट काढायचा. एक बूट काढून झाला की बराच वेळ दुसऱ्याकडे बघत राहायचा. होनोराने पाठ, हात आणि उरलेले पाय शेगडीत रचले आणि काडी लावली. अडीचपर्यंत निखारे, तीनला कोमट, असा तिचा हिशेब होता.

पण खुर्ची ओकच्या टणक लाकडाची होती. ओक काय चीज आहे हे होनोराला ठाऊक नव्हतं; तिने आजवर फळकुटंच जाळली होती. दोन वाजता शेगडी तापली. सव्वादोनला तिच्यातून गुरगुर यायला लागली.

"आई," डेलिया म्हणाली, "ती लाल व्हायला लागलीय."

आणि तेवढ्यात पाइप वाजला. तीन ठोके नाहीत. मिसेस गेगन ठोकायच्या थांबायलाच तयार नव्हत्या. याचा अर्थ एकच होता. मैत्रीण लवकर आली होती आणि दुसऱ्या मजल्यावर न थांबता सरळ वर निघाली होती.

होनोराने शेगडीची झडप लावली. राखेची बादली निखाऱ्यांवर उपडी केली. ओलं फडकं शेगडीवर पुन्हा पुन्हा दाबलं तसा वाफेचा लोट उठला आणि खोली परटिणीच्या घरासारखी झाली. टिमच्या खुर्चीचा धूर सगळीकडून यायला लागला. तिने दोन्ही हातांनी खिडकी वर ढकलली. बंदरावरचा डिसेंबरचा वारा आत घुसला, त्याच्यामागून थोडा बर्फही आला.

"विनीला गुंडाळ कशात तरी," ती डेलियाला म्हणाली. डेलियाने शिवायला आलेल्या ढिगातली एक मोठी विजार ओढली आणि विनीला तिच्या एका पायात घातलं. विजार कुणा धिप्पाड माणसाची होती. विनी त्यात हनुवटीपर्यंत मावली.

वाचवलं ते जिन्यांनी. मिस पेनिमन प्रत्येक वळणावर दम खायला थांबत होत्या. होनोरा त्यांची पावलं मोजत होती आणि फडक्याने हवा हलवत होती. दार वाजलं तेव्हा धूर गेला होता, पण खिडकी लावायला वेळ उरला नव्हता.

मिस पेनिमन दारात उभ्या राहिल्या आणि खिडकीकडे बघू लागल्या. संपलं सगळं, होनोराला वाटलं. लाज अशी वाटली नाही. फक्त डेलियाच्या बुटाला भोक आहे, ते पश्चिमेच्या प्रवासाआधी बुजवायला हवं, एवढंच तिच्या मनात आलं.

"मिसेस टूही, ही खिडकी तुम्ही उघडलीत?"

"हो बाईसाहेब."

"डिसेंबरात?"

"हो."

मिस पेनिमनचे डोळे पाणावले. त्यात वाऱ्याचाही हात असेल. "सहा वर्षं," त्या म्हणाल्या, "सहा वर्षं मी असल्या जिन्यांवर मोकळ्या हवेबद्दल बोलतेय. तुम्ही ऐकलंत." मग त्या बोलता बोलता शेगडीपाशी गेल्या, डाव्या हाताचा मोजा काढला आणि हात ठेवला.

होनोराने श्वास रोखून धरला. डेलियानेही. मिस पेनिमननी हात काढलाच नाही. चार जिन्यांचा गारठा, त्यात हा वारा. बाईंच्या बधिर बोटांना ते तापलेलं लोखंड नुसतं बरं वाटत असावं.

"कोमट," त्या अखेर म्हणाल्या आणि तसं लिहिलं. "खुर्ची?"

"आता नाही."

तेही लिहिलं. मग कोपऱ्यातलं साबणाचं रिकामं खोकं शेगडीला चिकटून ओढून घेतलं आणि त्या बसल्या. "मुली तुमच्याकडेच राहतील, मिसेस टूही. मी स्वतः समितीला तसं सांगणार आहे."

होनोराने डेलियाच्या बुटातल्या भोकाकडे पाहिलं. काही वेळ तिला दुसरं काही ऐकू आलं नाही.

"...आणि कोळशाचं म्हणाल," मिस पेनिमन बोलत होत्या, "तर जी आई ताज्या हवेचं मोल जाणते, तिला कोळशाची सवय लावणं ही मैत्री नव्हे. तो मी दुसऱ्या कुणा दुबळ्या घरासाठी राखून ठेवीन."

शेगडीत राखेखाली काहीतरी हलकेच मोडलं. खुर्चीची पाठ असावी. होनोरा खिडकी लावायला वळली.

"राहू द्या, राहू द्या," मिस पेनिमन म्हणाल्या, आणि पुढची वीस मिनिटं स्वावलंबनावर बोलल्या. बर्फाचे कण टेबलावर येऊन बसत होते. विनी विजारीच्या पायात तोंड घालून खोकत होती, आणि डेलिया बाहेरून तो पाय घट्ट धरून होती.

"आता तुम्ही सांगा," शेवटी मिस पेनिमन प्रेमाने म्हणाल्या. "काहीही मागा. मैत्रिणीजवळ कसला संकोच?"

होनोराने या प्रश्नासाठी सात दिवस कोळशाचं एक वाक्य तयार ठेवलं होतं. त्याचं काम आता संपलं होतं. तिने मिस पेनिमनच्या कोटाकडे पाहिलं. खांद्यापासून घोट्यापर्यंत दाट फर, कुठे फट नाही, आणि रुंदी खिडकीएवढी.

"एकच होतं बाईसाहेब," ती म्हणाली. "जरा त्या खिडकीपुढे सरकून बसता का?"