केसाएवढी चीर

सूर्यात चालतं तसं फ्यूजन ज्या अणुभट्टीत घडवायचंय, तिच्या आतल्या भिंतीला टंगस्टनच्या लाद्या बसतात. त्या लाद्या तपासणं हे माझं काम. त्या मंगळवारी एका लादीवर केसाएवढी चीर दिसली आणि मी ती नापास केली. तीन हजार अंशांनाही हा धातू वितळत नाही, पण चिरलेल्या लादीवर मी विश्वास ठेवत नाही.

तेवढ्यात महाडहून बाबांचा फोन आला. ते एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर होते.

"तेजू, आमच्या टाकीच्या जोडाला केसाएवढी चीर हाय गो. साहेब ऐकत नाय. आजची पाळी चालंल काय?"

पुढची लादी यंत्रात तापत होती. मी घाईत म्हटलं, "एका पाळीनं काय होतंय, बाबा."

संध्याकाळी टाकी फुटली. बाबा आणि आणखी तिघं गेले.

वाटभर त्या साहेबाला शिव्या घालत मी इस्पितळात पोचले. बाबांच्या पाळीतला मुश्ताक तेवढा वाचला होता. दोन्ही हात भाजलेले.

"आम्ही काम टाकून गेटपर्यंत गेलेलो," तो म्हणाला. "तुझ्या बाबांनीच परत बोलावलं. बोलले, आमची तेजू सांगते चालंल, चला आत."