मास्तर गल्ली मोजतात

जनगणनेच्या कामावर नेमलेल्या मास्तरांना कमी ऐकू येतं, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. मास्तरांनाही ठाऊक होतं, फक्त कबूल नव्हतं. "लोकच हल्ली पुटपुटतात!" असं ते म्हणायचे.

"घरात कोणी अपंग?" या प्रश्नावर अंगावर पाल पडल्यासारखे लोक "छे छे!" म्हणायचे. आत कोणाची काठी वाजली, तरी मास्तरांना ती कुठली ऐकू येणार? आपली गल्ली ठणठणीत आहे, म्हणून ते खूश होते.

मग टेलरबाईंचं दार आलं. भिंतीला कुबड्या टेकवून त्या शिवत बसल्या होत्या.

"मी आहे की, पायाने," त्या म्हणाल्या.

"पाहुणे नकोत ताई, घरचेच सांगा."

"पाहुणे नाही हो, पाय!"

"काय?"

"पाय!"

"अहो, पण काय?"

बाईंनी कपाळावर हात मारला. मास्तरांना शेजारी बसवून त्या कानाशी बोलल्या, "माझ्यासोबत तुमचंही नाव लिहा."

"माझं? मी मास्तर आहे!"

"मी टेलर आहे. म्हणून काय मला पाय फुटले?"

मास्तरांनी कान आणखी जवळ नेला. बाई सांगू लागल्या,

"मागच्या जनगणनेच्या वेळी सासूबाईंनी मला आत बसवून 'नाही' लिहायला लावलं. पुढे दवाखाना बांधला. पायऱ्यांशेजारी उतार मागितला, तर साहेब म्हणाले, यादीत कोणी अपंग नाही, इथे लागतो कोणाला? त्या पायऱ्या मी आजही बसून चढते. आणि मास्तर, माझी पोरगी तुमच्याच वर्गात आहे. भलतंच ऐकून बरोबर उत्तर देणाऱ्यालाही तुम्ही शिक्षा करता. भीतीने कोणी बोलत नाही."

मास्तरांचा चेहरा पडला. अरेरे! किती पोरांवर अन्याय झाला असेल!

ते उठले आणि पुन्हा पहिल्या दारात गेले. "मला कमी ऐकू येतं," ते आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. "तुमच्याकडे कोणाला काही त्रास? जरा मोठ्याने सांगा."

आता हळू सांगायची सोयच नव्हती!

"मला दिसत नाही!" आजोबा ओरडले. ते ऐकून समोरच्या काकू गॅलरीतून ओरडल्या, "आमच्या धाकट्याला बोलता येत नाही, त्यालाही घ्या!" बघता बघता गल्लीभर आरोळ्या उठल्या. इतकी वर्षं दडवलेली माणसं दारात येऊन बसली आणि एकमेकांना पाहून चकित झाली.

मास्तरांनी घरी येऊन स्वतःचं नाव लिहिलं, तेव्हा बायको म्हणाली, "आणि ओरडून ओरडून माझा घसा गेला, तो कुठे लिहिणार?"

वाचकहो, जो मोजलाच जात नाही, त्याच्यासाठी उतार बांधायचं कोणाच्या मनात येत नाही. तेव्हा मोजणारा दारात आला की आपल्या माणसाला पुढे बसवा, आणि खणखणीत आवाजात सांगा!