वस्तादांची झोप

"वस्ताद, पोरांस्नी झोपाळू तुमीच करताय आन वर शिक्षाबी तुमीच देताय." गुंडा हे रोज म्हणायचा, पण मनातल्या मनात, बैठका मारता मारता. तोंडानं म्हणायची छाती साताऱ्याच्या त्या तालमीत कुणाचीच नव्हती.

कवठे महांकाळहून कुस्ती शिकायला आलेल्या गुंडाचा गुन्हा एकच, पहाटे जाग यायची नाही. उशीर झाला की वस्ताद जादा बैठका लावायचे. त्यानं अंग असं मोडायचं की दुसऱ्या दिवशी गडी आणखी उशिरा उठायचा. मग आणखी बैठका. शेवटी वस्ताद म्हणाले, "आता झोपलास तर गावाकडं जायाचं. परत दिसू नगंस." गावाकडं काय, मेंढरंच राखायची.

अंग ठणकतंय म्हणून गुंडा दवाखान्यात गेला, तर निमिष डॉक्टर हसायलाच लागले.

"अरे, तापात झोप का येते? रोगाशी लढणारी अंगातली फौज मेंदूला सांगते, ह्याला आडवा पाड. झेपणार नाही एवढी मेहनत केलीस की स्नायू दुखावतात, तिथंही तीच फौज धावते. ही झोप बहुतेक तिचंच काम, असं संशोधक म्हणायला लागलेत."

"म्हंजे मी आळशी न्हाई?"

"नाहीस. वस्तादांना सांग, जरा बेतानं घ्या."

सांगतंय कोण? गुंडानं आडवाट धरली. संध्याकाळी वस्तादांचे पाय चेपत, मान खाली घालून म्हणाला, "पोरं लय वंगाळ बोलाय लागल्यात. म्हणत्यात, वस्तादांस्नी आता बैठका जमायच्या न्हाईत."

"कोण म्हणतंय?"

"मानसिंग. प्वाट आडवं येतंय म्हणला."

गुंडाचा तालमीतला जोडीदार मानसिंग, बिचारा असलं काही बोललाच नव्हता. पण वस्तादांनी तिथंच धोतर खोचलं. कैक वर्षं नुसती छडी हलवलेला तो देह बैठका मारत सुटला. पोरं भोवती जमली, मोजून दमली, वस्ताद थांबेनात.

पहाटे मानसिंगनं तांब्याभर पाणी ओतून गुंडाला उठवलं. सगळी तालीम जागी झाली, वस्ताद तेवढे घोरत पडलेले. उन्हं तोंडावर आली तेव्हा कुठं डोळे उघडले. उठू गेले, तर मांड्यांनी साथ सोडली. कण्हत परत खाटेवर बसले. समोर पोरं, हाताची घडी घालून.

"बघताय काय रं?"

गुंडा पुढं झाला. "वस्ताद, तुमास्नी आमी आळशी म्हणणार न्हाई. अंगातली फौज कामाला लागली की झोप येतीया, डाक्टरांनी सांगितलंय. पर तुमची झोप थकव्याची आन आमची तेवढी आळसाची, ह्यो कुठला न्याय? मी तालमीत ऱ्हायाचं का जायाचं, ते आता सगळ्यांम्होरं सांगा."