पालथा फळा

माझ्यावरून चाललाच आहात, तर जरा थांबून ऐका. कल्याणच्या खाडीकाठी, या गल्लीतल्या गटारावर टाकलेली फळी बघताय ना? ती फळी नाही. मी फळा आहे, शाळेतला. तोंड खाली करून पडलोय, म्हणून ओळखू आलो नाही.

सागाचा आहे मी. वीस वर्षं एका मराठी शाळेत सातवीच्या वर्गात उभा होतो. दर दसऱ्याला माझ्यावर सरस्वती काढायचे, झेंडू वाहायचे, सगळे गुरुजी रांगेत येऊन हात जोडायचे. मग माझा कोपरा चिरला. हेडमास्तर म्हणाले, "काढा हे बाहेर." संपलं. वीस वर्षांची पूजा तीन शब्दांत.

सुकी मासळी विकणाऱ्या सगुणाबाईनं मला डोक्यावर घेऊन आणलं आणि दारापुढच्या गटारावर टाकलं. तिची मुलगी मंजुळा तेव्हा दोरीवर बोंबील घालत होती. तिलाही त्याच शाळेतून सातवीनंतर काढून घरी बसवलेलं. एकाच वर्गातून बाहेर पडलेलो आम्ही दोघं.

त्र्याण्णव साली सगुणाबाईच्या मागच्या खोलीत काबूलची हमीदाबाई राहायला आली. तिकडे मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. नवरा रॉकेटच्या माऱ्यात गेलेला. सोबत बारा वर्षांची मुलगी, फ्रोजान. घरातले मोठे म्हणजे दीर, हाजीसाहेब. कल्याणच्या बाजारात त्यांचा हिंगाचा धंदा. फ्रोजान त्यांना काका म्हणायची. त्यांच्या भाषेतही चुलता काकाच.

हमीदाबाई पोरीला घेऊन माझ्याच जुन्या शाळेत गेली. परत आली ती माझ्यावरच उभी राहून मंजुळेला मोडक्यातोडक्या हिंदीत सांगायला लागली. हेडमास्तरांनी शाळा सोडल्याचा दाखला मागितला. ही म्हणाली, शाळा जळाली. तर ते म्हणाले, मग जळाल्याचा दाखला आणा.

मंजुळा फस्सकन हसली. मग तिचंच तिला वाईट वाटलं. इकडे फ्रोजान खाली बसून माझ्यावरचा चिखल बोटानं पुसत होती. काळा रंग दिसला तशी ओरडली, "मादर, तख्ता!"

वर्षभर शेकडो पाय माझ्यावरून गेलेले. फळा आहे हे दिसलं ते परक्या मुलखातल्या पोरीला.

मंजुळेनं कोळसा आणि घेवड्याचा पाला वाटून मला पुन्हा काळा केला. मागच्या खोलीत, सुकटीच्या गोण्यांना टेकवून मला उभा केला. काबूलच्या आणखी चार मुली यायला लागल्या. हमीदाबाई गणित आणि त्यांची भाषा शिकवायची, मंजुळा मराठी. एक उजवीकडून लिहीत यायची, दुसरी डावीकडून. सगुणाबाई दारातून ओरडायची, "काय गो मंजुले, शिकून बोंबील काय येगले सुकनार हान?"

"नाय गो आये, पन मोजता तरी येतील!" मंजुळा आतून ओरडायची. काबूलच्या पोरी न कळताच हसायच्या.

हाजीसाहेबांना हे चालायचं, कारण ते त्यांच्या मते दोन दिवसांचं होतं. "नवरोजला परत जायचंय," ते म्हणायचे. "इथल्या शाळेत घालून काय करायचंय?" त्यांनी काबूलहून आणलेली पेटीसुद्धा उघडली नव्हती. चार नवरोज गेले. पेटीचं कुलूप गंजलं, पण म्हातारा काही वाकला नाही.

शहाण्णवच्या पावसाळ्यात मंजुळा म्हणाली, "सतरा नंबरचा फॉर्म भरू. बाहेरून दहावी देता येते. आमच्या शेजारच्या शेवंतीनं दिलेली." फ्रोजानच्या दाखल्याऐवजी प्रतिज्ञापत्र झालं. मंजुळेच्या फॉर्मवर सगुणाबाईचा अंगठा लागला, फ्रोजानच्या फॉर्मवर हाजीसाहेबांची सही. "तिकडे गेल्यावर कागद कामाला येईल," म्हणाले. फ्रोजान त्या दिवशी माझ्या कोपऱ्यात मार्च लिहून गेली आणि रोज त्याच्यावर खडू गिरवायला लागली.

सप्टेंबरात रेडिओवर बातमी आली. काबूल तालिबानच्या हातात गेलं, मुलींच्या शाळा बंद झाल्या. हाजीसाहेब माझ्यासमोर स्टुलावर येऊन बसले. मग म्हणाले, "तिकडे शाळाच नाहीत. आता शिकून काय करायचंय?"

ऐकलंत? परत जायचंय म्हणून शिकायचं नाही. परत जाता येत नाही म्हणूनही शिकायचं नाही. वडीलधाऱ्यांचं गणित असंच असतं. कुठूनही सोडवा, उत्तर शून्य.

फेब्रुवारीत दोघींची हॉल तिकिटं आली. नंबर लागोपाठचे. फ्रोजाननं ते माझ्यावर मोठे करून लिहिले. त्याच आठवड्यात पेशावरहून हाजीसाहेबांचा कोणी भाऊबंद आला. हाजीसाहेब हिरव्या कापडात बांधलेलं ताट स्टुलावर ठेवून म्हणाले, "हमीदा आली की तिला द्या. शुक्रवारपर्यंत उत्तर सांगायचंय."

मंजुळेला कसलं उत्तर न् कसलं काय! आपल्याकडे परीक्षेचं शुभवर्तमान आलं की घरात मिठाई येते. तिला वाटलं, म्हातारा अखेर विरघळला. "फ्रोजान, काकांनी बघ, हॉल तिकिटाचे पेढे दिले!" तिनं गाठ सोडली. साखरेत घोळवलेले बदाम होते. सगळ्यांना वाटले. सगुणाबाईनं तीन खाल्ले. फ्रोजाननं एक तोंडात टाकला, बोटं चाटली आणि उरलेलं समीकरण लिहायला माझ्याकडे वळली.

हमीदाबाई दारात आली. हिरवं कापड जमिनीवर पडलेलं, ताट अर्धं. तिनं कापड उचलून ताटावर पुन्हा गाठ मारायला घेतली. त्यांच्यात मुलीच्या घरानं असलं मागणीचं ताट उघडलं की मुलगी दिली. नको असेल तर गाठ न सोडता परत पाठवायचं असतं. हमीदाबाई ते परत पाठवणार होती.

"मी सोडली गाठ," मंजुळा हाजीसाहेबांपुढे रडत म्हणाली. "फ्रोजान लहानपणीच इकडे आली, तिला काय माहीत होतं? मला मारा, काका."

"ताट उघडलं. घरानं हो म्हटलं," हाजीसाहेब म्हणाले. "पेशावरच्या पाहुण्याला मी शब्द दिला."

चार बदाम परत आणून ठेवता आले असते. पण म्हाताऱ्यांचा शब्द जात नाही, पोरी जातात. आणि आडोशाला रीत असली की हात कोणाचेच काळे होत नाहीत.

फ्रोजान गेली तेव्हा खडू तिच्या मुठीत होता. समीकरण अर्धं राहिलं.

मार्चमध्ये मंजुळा एकटीच पेपरला गेली. पुढचा बाक रिकामा. गणितात अठ्ठावन्न मिळाले, बाकी विषयांत उडाली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सगुणाबाईनं तिच्या डोक्यावर टोपली दिली. बाकीच्या पोरी यायच्या बंद झाल्या. हमीदाबाईनं परत खडू धरला नाही. पेशावरहून फ्रोजानच्या नावानं दोन पत्रं आली. दुसरं वाचून ती एवढंच म्हणाली, "हे अक्षर तिचं नाही."

पावसाळ्यात गटारावर माझ्या जागी टाकलेली फळी कुजली, म्हणून सगुणाबाईनं मला पुन्हा इथे आणून टाकलं. या खेपेला पालथा, कारण गुळगुळीत बाजूवर पाय घसरतो. खाली दोन नंबर आहेत आणि एक अर्धं समीकरण. ओलीनं पुसलं असेल. मला बघता येत नाही.

एकच मागणं आहे. येत्या दसऱ्याला कुठल्याही फळ्यावर सरस्वती काढू नका. तेच हात जोडणारे हेडमास्तर रोज माझ्यावरून बाजारात जातात. हाजीसाहेबही जातात, बूट वाजवत.

हमीदाबाई तेवढी माझ्यावर पाय ठेवत नाही. चिखलातून वळसा घालून जाते.

तुम्हाला उशीर होत असेल. या, पाय द्या.